हरिकेन पुन्हा पांढरं पडलं? आधी कुठलं पांढरं ते ओळखा

जुलैचा तिसरा आठवडा, रात्रीचे साडेनऊ, पार्ल्यातली तिसऱ्या मजल्यावरची काचा लावून बंद केलेली गॅलरी. चार महिने रविवार रविवार करून जोडलेलं १/७२ मापाचं हरिकेन टूसी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, समोर स्टँडवर. रंग झाला होता, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) बसले होते, पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या बारीक खाचा) भरून झाल्या होत्या. उरला होता मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक थराचा, शेवटचा हात. स्प्रे कॅन खळाखळा हलवला, दोन फवारे मारले, मस्त ओलं चकचकीत दिसलं. हात धुऊन येतो तर डाव्या पंखाच्या मुळाशी दुधावर साय धरावी तसं झालेलं. जिथे फवारा जाड बसला होता तिथून ते सुरू झालं आणि टोकाकडे सरकत गेलं. दहा मिनिटांत गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, दोन्ही रंग एकाच राखाडी पडद्याआड. भाचा आला होता. तो म्हणाला, "मामा, ह्याच्यावर पावडर सांडली का?"

हे माझ्याकडे ओळीने तीन पावसाळे झालं. पहिल्या वर्षी कॅनला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी ब्रँड बदलला. तिसऱ्या वर्षी अक्कल लढवून मॉडेल एसीच्या खोलीत 'सुकवलं', आणि सगळ्यात जास्त वाट लागली ती त्याच वर्षी. ते कसं, ते पुढे येईलच.

मुंबईत मॉडेल करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी जून ते सप्टेंबर एकच वाक्य असतं, "पांढरं पडलं." पण पांढरं चार प्रकारचं असतं आणि चौघांची औषधं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की मॉडेल कामातून जातं. म्हणून काही करायच्या आधी खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि नीट बघा.

ढगासारखे पट्टे आहेत, कडा धूसर, जाड ओलं बसलेल्या जागी जास्त आणि क्लिअर मारल्यावर काही सेकंदांत ते पंधरा मिनिटांत आले, तर ते ब्लशिंग. त्यात हवेतलं पाणी गुंतलेलं आहे. पांढरं फक्त डेकलच्या हद्दीत आहे, टॉर्च फिरवला की चांदीसारखं चमकतं, समोरून बघितलं की कमी होतं, तर ती डेकलखाली अडकलेली हवा, म्हणजे सिल्व्हरिंग. कोपऱ्यांत, पॅनल लाइनमध्ये, एक्झॉस्टच्या मागे रव्यासारखी बारीक भुकटी बसली आहे, तर मॅटची पावडर बाटलीच्या तळाशी राहिली होती आणि तुम्ही नीट ढवळलं नव्हतं. आणि कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) आतून किंवा जोडाच्या आजूबाजूला दंव पडल्यासारखं दिसतं, तेही रंग लावायच्या आधीपासून, तर ते सुपरग्लूचं काम.

यातलं पहिलं हे खरं मुंबईचं दुखणं. त्याच्यावरच जास्त लिहितो.

पाणी येतं कुठून

कॅनमधलं क्लिअर म्हणजे लॅकर. लॅकर सुकतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं. उडताना ते पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावलं की थंड वाटतं तसंच. कॅनच्या फवाऱ्यात तर गॅसही फुलून बाहेर येतो, त्यामुळे गारवा आणखी. पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा) थंड झाला की त्यावर दव बसतं. हे दव ओल्या लॅकरमध्ये शिरतं, त्यातलं रेझिन फाटलेल्या दुधासारखं वेगळं होतं, आणि सुकलेल्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य पोकळ्या राहतात. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, तेच आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे वर काही साचलेलं नसतं. थरच आतून सच्छिद्र झालेला असतो, म्हणून पुसून जात नाही.

आता आकडे बघा, म्हणजे इथे हे इतकं का होतं ते कळेल. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, जी जुलैत घरात सहज असते, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. तीन अंशांचाच खेळ. फवाऱ्याने तीन अंश गार व्हायला काहीच लागत नाही. तीच हवा २६ अंश आणि ५५ टक्के असेल तर दवबिंदू १६ वर उतरतो, म्हणजे हाताशी दहा अंशांची मोकळीक. डिसेंबरात तोच कॅन, तोच हात, तीच गॅलरी आणि काहीही होत नाही, ते यामुळे. कॅनचा दोष नव्हता.

हे मला कुठल्या मॉडेलवाल्याने सांगितलं नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरला लॅकर पॉलिश चाललं होतं. मिस्त्रींना जिन्यात गाठून पंख दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन तिरका धरला, बघितलं आणि हसले. "साहब, मौसम का पानी बैठ गया है इसमें. हमारा टेबल भी मारता है सफेदी. थिनर में धीरे सूखनेवाला डालना पड़ता है, नहीं तो धूप का इंतजार." पॉलिशवाल्यांच्या पिढ्यान्पिढ्यांना जे माहीत आहे ते आम्ही तीन वर्षं शोधत होतो.

गंमत म्हणजे खऱ्या हरिकेनलाही हीच भीती होती. सिडनी कॅमच्या या विमानाचं पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ चं, धातूची विमानं नुकती रुळत होती तो काळ. त्यामुळे कॉकपिटच्या मागचं अंग धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं कापड, असं होतं. कापड ताठ राहावं म्हणून त्याला डोप लावायचे, आणि डोप म्हणजे उडून जाणाऱ्या थिनरमध्ये विरघळवलेलं सेल्युलोज. आपल्या लॅकरचा सख्खा भाऊच. दमट हवेत डोपही असंच पांढरं पडायचं आणि पांढरं पडलेलं डोप कमजोर असायचं. म्हणून डोपिंगची खोली उबदार आणि कोरडी ठेवायचे. आपल्या मॉडेलवर पांढरं पडलं तर फार तर फोटो बिघडतो. त्यांचं कापड ढिलं पडलं असतं.

एसीने वाट कशी लावली

तिसऱ्या वर्षीचा पराक्रम आता सांगतो. डोक्यात एवढंच होतं की एसी हवा कोरडी करतो. म्हणून हरिकेन आणि कॅन दोन्ही दिवसभर बेडरूममध्ये, एसी २० वर. रात्री दोन्ही उचलून गॅलरीत आणले आणि लगेच फवारा मारला.

एसी लोकलमधून पार्ल्याला उतरलात की चष्म्याचं काय होतं? तेच झालं. २० अंशांचं प्लॅस्टिक २७ अंश दवबिंदूच्या हवेत आणलं तर फवाऱ्याच्या आधीच त्याच्यावर दव बसलेलं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच. वर गार कॅनचा दाब कमी, म्हणून फवारा बारीक न होता थेंबाथेंबाने पडला. पंख दुधात बुडवल्यासारखा निघाला.

तर एसी वापरायचा असेल तर फवारा त्याच खोलीत मारा, नाहीतर वापरू नका. गार झालेली वस्तू दमट हवेत आणलीच तर झाकणाच्या डब्यात बंद करून आणा आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय, म्हणजे निदान तासभर, डबा उघडू नका. कॅन गार वाटत असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं. गॅसवर नाही, गीझरच्या कढत पाण्यातही नाही.

पण एसीच्या खोलीत फवारा म्हटलं की दुसरा पेच येतो. लॅकरची वाफ फुप्फुसाला वाईट, म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच बाहेरची ओली हवा दाराच्या फटीतून आत येते. पंधरा मिनिटांत एसीची कमाई पाण्यात. यावर माझा तोडगा असा आहे: दारं-खिडक्या बंद करून एसी तासभर २६ वर, मॉडेल आणि रंग त्याच खोलीत. मग सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क चढवायचा, पंखा सुरू करायचा, दोन मिनिटांत एक हलका हात, मॉडेल लगेच ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात आणि झाकण किंचित तिरकं. खोलीतली वाफ गेली की पंखा बंद, पुन्हा अर्धा तास एसी, मग दुसरा हात. कंटाळवाणं आहे, पण चालतं. आणखी एक, आमच्याकडे संध्याकाळी देवाजवळ समई असते. आईने एकदा विचारलं, "अरे, तुझ्या त्या वासाने पेट घेतला तर?" बरोबरच विचारलं. थिनरची वाफ आणि कॅनचा गॅस दोन्ही पेटतात. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी विझल्याशिवाय फवारा नाही.

आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. फवारणीच्या जागी टेबलावर ठेवा. भिंतीवर नको, आणि फोनमधल्या हवामानावर तर मुळीच नको. माझा नियम: ६५ च्या खाली बिनधास्त, ६५ ते ७५ मध्ये रिटार्डर (ते काय, ते पुढे) घालून, ७५ च्या वर लॅकरला हात लावायचा नाही, मग घरी कुणीही कितीही विचारो, कधी पूर्ण होणार म्हणून.

रिटार्डर

मिस्त्री म्हणाले ते "धीरे सूखनेवाला" म्हणजे रिटार्डर. थिनर सावकाश उडालं की गारवा कमी होतो आणि शिरलेल्या पाण्याला थर बंद व्हायच्या आधी बाहेर पडायला वेळ मिळतो. मिस्टर कलर या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं. पावसाळ्यात मी तेच वापरतो. सुटं रिटार्डर घेतलंत तर थिनरच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नका. एकदा हात सैल सुटला माझा, आणि पंख चार दिवस चिकट राहिला, त्यावर गॅलरीतली सगळी धूळ आणि एक चिलट.

फर्निचरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मात्र प्लॅस्टिकजवळ नको. मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं, पॅनल लाइन मेणासारख्या बसतात. एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी रंगाची छोटी बंदूक) धुवायला ते झकास आहे, तेवढंच.

कॅनमध्ये रिटार्डर घालता येत नाही, ही कॅनवाल्यांची खरी अडचण. उपाय म्हणजे कॅन रिकामा करणं. नोझलला सरबताची स्ट्रॉ बसवून काचेच्या बाटलीत हळूहळू फवारायचं, बाटलीवर झाकण नुसतं ठेवायचं, आवळायचं नाही, कारण द्रवातला गॅस बराच वेळ बुडबुडत बाहेर पडतो. उघड्या खिडकीशी रात्रभर ठेवायचं. सकाळी थोडं लेव्हलिंग थिनर घालून एअरब्रशने मारायचं. तेच क्लिअर, पण गॅसचा गारवा नाही आणि सुकण्याचा वेग तुमच्या हातात.

एअरब्रशवाल्यांनीही हुरळून जाऊ नये, कारण त्यांच्याकडे पाणी नळीतून येतं. ३० अंश, ८५ टक्के हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा चौपट दाबली आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की तिला साडेसात-आठ ग्रॅमच धरून ठेवता येतात. उरलेल्या अठरा ग्रॅमचं पाणी होतं, म्हणजे साडेतीन चमचे. बारीक एअरब्रशने तासभर काम केलं तर साधारण एवढी हवा लागते. हे पाणी टाकीत राहिलं तर ठीक, नाहीतर मध्येच गुळणी केल्यासारखं पंखावर. दर वेळी काम संपलं की टाकीच्या तळाचा नळ उघडा. पावसाळ्यात मी वाटी धरतो, गंजाच्या रंगाचं पाणी येतं. मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी बाटली, कॉम्प्रेसरला लागून असेल तर त्याचा उपयोग अर्धाच, कारण तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी पुढे नळीत गार होऊन बनतं. नळी लांब घ्या, दोन वेटोळी जमिनीवर पडू द्या आणि दुसरा छोटा ट्रॅप बंदुकीच्या मुठीपाशी लावा. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला असल्या जोडण्या मिळतात. आपले आटे कुठल्या मापाचे आहेत ते जुना तुकडा नेऊन दाखवा, तोंडी सांगून चुकीचाच मिळतो.

आता पडलंच पांढरं, तर

पहिलं म्हणजे त्याच रात्री काही करू नका. पुसू नका, घासू नका, आणि 'अजून एक जाड हात मारला की जाईल' हे तर नकोच. त्या हवेत दुसरा हातही पांढराच पडणार. मॉडेल सिलिका जेलच्या डब्यात किंवा एसीच्या खोलीत चोवीस तास ठेवा. हलकं असेल तर अर्धंअधिक आपोआप उतरतं.

राहिलं तर कोरड्या हवेत नुसतं लेव्हलिंग थिनर एअरब्रशमध्ये घ्या, दाब कमी ठेवा, पंधरा सेंटिमीटरवरून धुकं पडावं तसा एक फेरा. पृष्ठभाग जेमतेम ओला दिसला की थांबा. थर किंचित मऊ होतो, पोकळ्या मिटतात आणि खालचा हिरवा रंग तुमच्यासमोर वर येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भाच्याला हाक मारून बोलावलं होतं. पाच मिनिटं थांबून दुसरा फेरा. डेकलवर मात्र निम्म्याने हात आखडता, नाहीतर त्याची फिल्म सुरकुतते. एअरब्रश नसेल तर कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा हलका हात मारा, तोही खालचा थर विरघळवून घेतो. पण कोरडा दिवस म्हणजे गणपतीच्या आधीची दोन दिवसांची उघडीप नव्हे. उन्हं पडली तरी आर्द्रता ऐंशीच्या घरात असते. यंत्र बघा.

मॅटची भुकटी बसली असेल तर थिनरने काही होत नाही. त्यावर ग्लॉस (चकचकीत) क्लिअरचा एक पातळ हात, भुकटी त्यात बुडून पारदर्शक होते. मग नीट ढवळलेलं, जुन्या पायमोज्यातून गाळलेलं मॅट.

गोलावरची चांदी

हरिकेन करणाऱ्यांना सिल्व्हरिंग एका ठरावीक जागी छळतं. आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या ओळखीच्या गोलांमधला लाल काढून टाकला होता, जपानी लाल गोलाशी गल्लत नको म्हणून. राहिल्या दोन निळ्या छटा. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत अर्जन सिंगांची भारतीय हवाई दलाची क्रमांक १ स्क्वाड्रन हरिकेनवर होती, त्या कामगिरीसाठी त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. ते विमान करायचं म्हणून माझा हा खटाटोप. आता फ्यूजलाजवरचा, म्हणजे विमानाच्या धडावरचा, गोल बसतो नेमका त्या कापडी भागावर, जिथे किटमध्ये कापडाखालच्या पट्ट्यांचे उभार कोरलेले असतात. दोन उभारांमधल्या खाचेत डेकल टेकत नाही, हवा राहते, आणि गडद निळ्यावर चांदीच्या रेघा उठतात.

आधी ग्लॉस. मॅट रंगावर थेट डेकल लावलं की हवा अडकलीच म्हणायची. पावसाळ्यात ग्लॉसला दोन पूर्ण दिवस द्या, हाताला सुकलेलं लागलं तरी आतून ओलं असतं. डेकलखाली मायक्रो सेट (डेकल नीट चिकटवणारा द्रव), जागेवर बसवून ओल्या ब्रशने मधून कडेकडे दाबायचं, पाणी टिपायचं, मग वरून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारा द्रव). सोल लावल्यावर डेकल सुरकुततं आणि धस्स होतं. हात लावू नका, सुकताना ते आपोआप उभारांवर बसतं. सोलचे तीन-चार हात लागतात इथे.

आधीच चांदी चढली असेल तर इन्सुलिनच्या सुईने प्रत्येक खाचेत चार-पाच टोचे मारा आणि ब्रशच्या टोकाने सोल सोडा. द्रव टोच्यातून आत ओढला जाताना चांदी विझत जाते, अगदी भिंगातून बघण्यासारखं. मॅटचा हात आधीच बसलेला असेल तर हे जमत नाही, सोल आत पोचत नाही. म्हणून टॉर्चची तपासणी मॅटच्या आधी.

कॅनॉपीचं पांढरं थोडक्यात. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलीशी मिळून पांढरी भुकटी बनते आणि काचेवर बसते. बाहेरून असेल तर पॉलिशने जाते, आतून असेल तर कॅनॉपी काढावी लागते. कॅनॉपीला फेविकॉल वापरा, सुकल्यावर पारदर्शक होतं. जुलैत एक रात्र पुरत नाही, दोन द्या, आणि तोवर मॉडेल उलटं करू नका. माझी एक कॅनॉपी अशीच घरंगळून सोफ्याखाली गेली, ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली.

पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक क्लिअर वापरलं तर थिनरच्या गारव्याची भानगड बरीच टळते. ते सावकाश सुकतं, आणि पहिल्या हातातलं पाणी गेलं नसताना दुसरा मारला की तेही ढगाळ दिसतं. दोन हातांमध्ये पूर्ण दिवस ठेवायची तयारी असेल तर पावसाळ्यात मी नवख्यांना तेच सांगतो. त्याचा मॅट मला स्वतःला थोडा खडूसारखा वाटतो, पण हा आवडीचा प्रश्न.

आत्ता लिहिताना टेबलावरचं यंत्र ८७ दाखवतंय. पुढच्या हरिकेनचे पंख चिकटवून झालेत, उद्या जोड घासायला घेईन. क्लिअरची बाटली कपाटात वरच्या फळीवर आहे, दसऱ्यानंतर उतरवणार.